कनोइंग क्लबची कामगिरी

कनोइंग : वल्ह्याने होडी पळवण्याच्या शर्यतींचा क्रीडाप्रकार. एखाद्या क्लबने यात काय कमावले हे पाहताना पदके किती हे मोजण्याआधी ती कोणत्या होडीत मिळाली ते पाहावे. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे घेऊन बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे चालवतो. कनूत एक गुडघा टेकून, एकाच पात्याने, एकाच बाजूला पाणी मारायचे आणि होडी सरळही त्यानेच ठेवायची. निकालपत्रातील के-१, सी-२, के-४ या खुणांत अक्षर होडीचे, आकडा खेळाडूंचा. दत्तू भोकनळमुळे महाराष्ट्राला माहीत झालेला खेळ निराळा. ते रोइंग, तिथे खेळाडू पाठमोरा वल्हवतो.

स्थिर पाण्यावरील मुख्य शर्यती २००, ५०० आणि १,००० मीटरच्या. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून हा खेळ आहे, पण महिलांना कनूत उतरायला २०२१मधील टोकियोपर्यंत थांबावे लागले. वारा आणि पाण्याची खोली वेळेवर परिणाम करतात. उथळ पाणी होडीला मागे ओढते. म्हणून दोन तलावांवरच्या वेळा शेजारी मांडून क्लब तोलणे फसवे. त्याच दिवशी, त्याच पाण्यावर आलेला क्रमांकच खरा. एखादा गुणी खेळाडू के-१ एकट्याच्या बळावर जिंकून देतो. के-४मध्ये मात्र चौघांची पाती एकाच क्षणी पाण्यात जावी लागतात, तिथे क्लबची तालीम दिसते.

भारताच्या खात्यात मोजकीच मोठी पदके आहेत. १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सी-२ १,००० मीटरमध्ये कांस्य मिळाले. त्याच प्रकारात पुढचे कांस्य अर्जुन सिंग व सुनील सिंग सलाम यांनी थेट २०२३मध्ये हांगझोऊत आणले. पॅराकनोइंगमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या कनोइंगमध्ये, प्राची यादव हिने तिथेच आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकले.

सोलापुरात असा क्लब चालवायचा म्हटले, तर पाण्याची उणीव आहे असे सरसकट म्हणता येत नाही. शहरात सिद्धेश्वर व संभाजी तलाव, जवळच हिप्परगा, आणि जिल्ह्यात भीमेवरचे उजनी धरण. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न येणारे तळाचे पाणी. त्यामुळे धरण ‘मायनसमध्ये’ गेले तरी पाणी उरते, पण काठ दूर सरकतो, होडी गाळातून वाहून न्यावी लागते आणि आखलेल्या शर्यतमार्गाची जागा हलते. वळवाचा वारा आणखी वाईट. मे २०२४मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीदरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. शर्यतीची के-१ तर लांबीला ५.२ मीटरपर्यंत, वजनाला किमान १२ किलो आणि इतकी अरुंद, की नवखा शांत पाण्यातही उलटतो. चंद्रभागेत होड्या चालवणाऱ्या पंढरपूरच्या कोळी मुलांनाही तोल नव्याने शिकावा लागेल, पाण्याची भीती तेवढी नसेल. सरावाला सोयीचे दिवस पावसाळ्यानंतरचे, धरण भरलेले असतानाचे, आणि वेळ सकाळची, वारा सुटण्याआधीची.