‘वाय’ दाबलं तरी फाइल जागेवरच का राहते

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधली सुरुवातीची रीत सरळ होती. फाइल पुसू का, असं विचारायचं आणि उत्तराचं पहिलं अक्षर ‘वाय’ आहे का, एवढं बघायचं. ते अक्षर प्रोग्राममध्येच पक्कं बसवलेलं असे. जर्मन माणसाने सवयीने ‘जे’ (जर्मन होकाराचं, ‘ja’चं पहिलं अक्षर) टाइप केलं, की तो नकार धरला जाई.

यावर पहिली तोड म्हणून होकार-नकाराचे शब्द लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये, ठेवायची सोय झाली. पण पुसायला बसलेला माणूस कुठला पूर्ण शब्द टाइप करतोय! त्यामुळे १९९२च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाने लोकेलच्या एलसी_मेसेजेस या विभागात शब्दांऐवजी दोन रेग्युलर एक्स्प्रेशन (उत्तर कसं दिसावं याचे नमुने) दिली, एक होकाराचं, एक नकाराचं. मूळच्या ‘सी’ लोकेलमध्ये फक्त वाय आणि एन चालतात, जर्मनमध्ये ‘जे’सुद्धा. जुने शब्द २००१च्या आवृत्तीतून गेले.

खरी गोची पुढेच आहे. प्रश्न कोणत्या भाषेत दिसणार हे ग्नू गेटटेक्स्ट या संदेश भाषांतरित करणाऱ्या साधनावरून ठरतं, उत्तर तपासलं जातं ते लोकेलच्या नियमाने. ‘लँग्वेज’ हे व्हेरिएबल बदललं तर प्रश्नाची भाषा बदलते, उत्तराचा नियम तसाच राहतो.

आता सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं एखादं अडत दुकान घ्या. दिवाणजी मराठीत पावत्या करतात, इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालूच असतो. जुनी फाइल काढायला त्यांनी ‘आरएम -आय’ ही विचारून पुसणारी कमांड दिली आणि प्रश्नावर वायची कळ दाबली, तर स्क्रीनवर उमटतो ‘ब’. एनची दाबली तर ‘ल’. आरएम होकाराशी न जुळणारं काहीही नकारच धरतं, त्यामुळे फाइल तिथेच, आणि चूक झाल्याचा साधा संदेशही नाही. पुसण्याच्या बाबतीत हा सावधपणा मला रास्तच वाटतो. ‘हो’चा ‘ह’ ओळखायचा तर लोकेलच्या नियमात तो असायला हवा, शिवाय यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत हे एक अक्षर तीन बाइटांचं. एकच बाइट वाचणाऱ्या जुन्या प्रोग्रामला त्यातून काही कळत नाही.

स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडांची फाइल, लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. ग्नूची ‘येस’ कमांड लोकेल न बघता ‘वाय’च ओतत राहते. जर्मन विंडोजवर फाइलची मालकी घेणाऱ्या टेकओन कमांडला ‘/डी वाय’ दिलं तर ती ते घेत नाही, तिला ‘जे’ लागतो. लिनक्सच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच एलसी_ऑल=सी लिहितात ते याचसाठी; ते एलसी_मेसेजेस आणि लँग या लोकेल ठरवणाऱ्या दोन्ही व्हेरिएबलांवर मात करतं. प्रोग्राम बसवणाऱ्या ॲप्ट-गेटला ‘-वाय’ दिला, की ते पुढे चालू ठेवू का म्हणून विचारत बसत नाही.