देहप्रतिमा आणि आहार : पुण्यातील किशोरवयीन विद्यार्थी

आपले शरीर कसे आहे याचे ज्याच्या त्याच्या मनात असलेले चित्र म्हणजे देहप्रतिमा. १० ते १९ या वयात ते फार लवकर बिघडते. मुलींची उंची साधारण ११-१२व्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची १३-१४व्या. त्यामुळे सातवीच्या एकाच वर्गात मोठी तफावत दिसते. उंची वाढण्याआधी पुष्कळ मुले अंगाने भरतात. हे स्वाभाविक आहे, पण नेमके तेव्हाच ‘सुटलीस गं’ किंवा ‘काडीपैलवान’ असे शेरे ऐकू येतात आणि डबा अर्धा परत येऊ लागतो.

सकाळी शाळा किंवा कॉलेज, दुपारपासून क्लास आणि रात्री साडेआठला घर, हा पुण्यातल्या दहावी-बारावीच्या अनेक मुलांचा दिवस. सकाळी चहा-बिस्कीट, संध्याकाळी क्लासबाहेर वडापाव, रात्री भुकेने दुप्पट जेवण. मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशीचा नाश्ता बंद. दिवसभर अर्धपोटी राहिलेले शरीर तळकट आणि गोडच मागते. त्याला हावरटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पाचच्या सुमाराला खायचा दुसरा डबा हा यावरचा सर्वांत उपयोगी उपाय : एक थालीपीठ किंवा दशमी, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे-गूळ आणि एक फळ.

मुलींमध्ये लोहाची कमतरता आत्मविश्वासालाच पोखरते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. थकवा येतो, वाचलेले डोक्यात राहत नाही आणि मुलगी स्वतःलाच ‘ढ’ समजू लागते. लोह नीट शोषले जावे म्हणून उसळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण तो लोह शोषू देत नाही.

मुलांची ओढ जिम आणि प्रोटीन पावडरीकडे असते. १३ ते १५ वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनांची. दोन अंडी, दोन पेले दूध, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे यांतून जवळजवळ ४० ग्रॅम मिळतात, उरलेली वरण-पोळीतून.

मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तक्ता या वयाला लावू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे वय व लिंगानुसार केलेले वाढीचे तक्ते वापरावेत. सलग तीन महिने पाळी न येणे, चक्कर, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये कोंडून घेणे, ढगळ कपड्यांत अंग लपवणे यांपैकी काही दिसल्यास वजन कमी करण्याचा डाएट चार्ट ताबडतोब थांबवून डॉक्टरांना भेटावे. मनावरचा ताण बोलून दाखवायला १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन मोफत आहे.