कुलूप नेमकं कशाला लागतं?

‘ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय, म्हणजे साइट खात्रीची,’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं. हा गैरसमज महागात पडतो. तुमचा ब्राउझर आणि साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक, म्हणजे सर्व्हर, यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. समोरचा लबाड असला तरी ते दिसतंच. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर स्वतः वेब सर्व्हर उभा केला की हे नीट उमगतं.

डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हरचा प्रोग्राम बसवायचा, राउटरमध्ये 80 आणि 443 हे पोर्ट, म्हणजे वेबची ये-जा होते ती क्रमांकाची दारं, लॅपटॉपकडे वळवायचे. माझं घोडं इथेच अडलं होतं. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो; मग पोर्ट वळवूनही बाहेरून कुणी पोचत नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा कायमचा पत्ता, मागावा लागतो.

आता खरी गंमत. ब्राउझर आणि सर्व्हर या दोघांची आधीची ओळख नाही, बोलणं सगळं उघड्यावर, तरी दोघांपुरता गुप्त आकडा ठरतो कसा? ही रीत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केली. 3 आणि 17 हे आकडे जाहीर. ब्राउझरने मनात 6 धरला: 3 चा सहावा घात 729, 17 ने भागून बाकी 15. ही बाकी त्याने पाठवली. सर्व्हरने मनात 4 धरला: 81, बाकी 13. तीही उघड पाठवली. आता ब्राउझर 13 चा सहावा घात घेतो, सर्व्हर 15 चा चौथा. दोघांचीही 17 ने भागून बाकी येते 16! कागदावर करून पाहाच. चोरून ऐकणाऱ्याला 15 आणि 13 कळले, 16 नाही. इथे तो सगळे घात तपासून काढेल. पण 17 च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची मूळ संख्या असली की बाकीवरून घात शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर जातं. (हल्ली बहुधा घातांऐवजी एलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषेवरचे बिंदू वापरतात, तत्त्व तेच.) पुढचं बोलणं या गुपितातून काढलेल्या किल्लीने, बहुतेकदा एईएस या सांकेतिक पद्धतीने, कुलूपबंद होतं. जाहिरातींत ‘लष्करी दर्जाचं’ म्हणून विकतात ते हेच, आणि तुमच्या फोनमधला फुकटचा ब्राउझर ते रोज वापरतो.

पण वाटेत बसलेल्या कुणी सर्व्हर असल्याची बतावणी करून दोघांशी वेगवेगळे आकडे ठरवले तर? म्हणून हा सर्व्हर खरंच त्या नावाच्या साइटचा आहे, असं सांगणारं प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून ते फुकट देते. ती एक फाइल सर्व्हरवर ठेवायला सांगते आणि तुमच्या डोमेनवर (साइटच्या नावावर), पोर्ट 80 वर येऊन ती वाचते. डोमेन तुमच्या ताब्यात आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं. तुमच्या सचोटीची चौकशी कुणी करत नाही. प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं, सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो.

कुलुपामागची ही सगळी बोलणी ज्या नियमांनी चालतात त्या टीएलएसच्या 1.3 या आवृत्तीत, मनात धरलेले ते 6 आणि 4 दर जोडणीला नवे निवडून टाकून देतात. त्यामुळे उद्या लॅपटॉप चोरीला गेला, तरी कालचं टिपून ठेवलेलं बोलणं त्यातल्या खासगी किल्लीने (प्रमाणपत्राच्या जोडीला सर्व्हरवर गुप्त ठेवलेल्या किल्लीने) उघडत नाही. प्रमाणपत्र मात्र त्याच दिवशी रद्द करायचं.