लिहिणाऱ्याच्या डोक्यातला गोंधळ पडद्यावर

शाळेत मोबाइल आणू द्यावा का, असं सातवी-आठवीतल्या कुणालाही विचारा. हिरिरीने भांडेल. तेच कागदावर मांडायला सांगितलं की चार ओळींत विषय संपतो. मुद्दे संपलेले नसतात. हुज्जत घालणारा कुणी समोर नसतो. बोलताना समोरचा ‘का?’ म्हणतो आणि पुढचं कारण सुचतं. लिहिताना तो ‘का?’ स्वतःच विचारायचा, उत्तरही स्वतःच द्यायचं, वर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचे. एका वेळी फार थोडंच लक्षात धरू शकणाऱ्या मेंदूवर हा मोठा भार असतो. असं पटवून देणारं लेखन शिकवताना व्हिडिओची कुठे मदत होते, ते पाहू.

अमेरिकेत लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या संशोधकांनी लोकांना मोठ्याने विचार करत लिहायला लावून ही प्रक्रिया तपासली. १९८१ साली त्यांनी मांडलं की आखणी, लेखन आणि दुरुस्ती या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या नाहीत. लिहिणारा सतत मागे-पुढे उड्या मारत असतो. पण वर्गात मुलांच्या हाती येतो तो तयार ‘आदर्श निबंध’. वाढलेली पुरणपोळी बघून पुरण कसं शिजवलं ते कळत नाही, तसंच हे.

व्हिडिओचा खरा उपयोग इथे आहे. ‘मत मांडा, तीन कारणं द्या, समारोप करा’ हे फळ्यावर लिहूनही सांगता येतं. पडद्यावर दाखवण्याजोगी गोष्ट म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष लिहितंय, खोडतंय, पुटपुटतंय: ‘हे कारण मला पटतं, पण मुख्याध्यापकांना कशाला पटेल?’

नेदरलँड्समध्ये ब्राक्समा, रेइलार्सदाम आणि फान डेन बर्ग या संशोधकांनी २००२ साली याबाबत एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आठवीच्या २१४ विद्यार्थ्यांना युक्तिवादाचं लेखन शिकवायचं होतं. काहींनी नेहमीसारखं स्वतः लिहिलं. बाकीच्यांनी आपल्याच वयाच्या दोन मुलांना मोठ्याने विचार करत लिहिताना पाहिलं. एकाला ते जमत होतं, दुसरा अडखळत होता. काही प्रेक्षकांना अडखळणाऱ्याचं कुठे चुकलं ते सांगायचं होतं, तर काहींना चांगलं लिहिणाऱ्याचं काय जमलं ते.

लेखनात कच्ची मुलं अडखळणाऱ्याकडे लक्ष देऊन जास्त शिकली, तर पक्की मुलं चांगल्याकडे लक्ष देऊन. म्हणजे वर्गातल्या सगळ्यांपुढे हुशार मुलाचा नमुना ठेवण्याची आपली सवय निम्म्या वर्गाच्या फारशी कामाची नाही, असं मला तरी वाटतं. शिवाय ही मुलं नुसती बघत बसली नव्हती, त्यांना निवाडा करायचा होता. कुणाचं का चुकलं हे सांगायला चांगल्या लेखनाचे निकष मनात तयार व्हावे लागतात.

आखणी, लेखन, दुरुस्ती यांच्या युक्त्या उघडपणे शिकवण्याला इतर पुरावाही भक्कम आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. असं शिकलेली मुलं इतरांपेक्षा किती पुढे गेली हे दाखवणारा परिणामाचा आकडा ०.८२ इतका दिसला (शून्य म्हणजे काहीच फरक नाही). शिक्षणसंशोधनात हा आकडा मोठा मानतात. लेखनापासून तोडून, सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम मात्र शून्याच्याही खाली होता. (व्याकरणाच्या शिक्षकांनी रागावू नये, प्रश्न सुट्या व्याकरणाचा आहे.)

व्हिडिओ किती लांब असावा? एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ सालच्या विश्लेषणात, व्हिडिओ कितीही मोठा असला तरी बघण्याचा मध्यक वेळ (निम्मी सत्रं ज्याहून कमी चालली तो वेळ) सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. ते अभ्यासक्रम विद्यापीठ पातळीचे होते, त्यामुळे तो आकडा शाळेला जसाच्या तसा लावू नये. वर्गात मध्येच थांबवून ‘आता हा पुढे काय लिहील?’ असं विचारता आलं, तर लांबीचा प्रश्न बराचसा सुटतो.

एक गोष्ट मात्र व्हिडिओला जमत नाही: उलट बोलणं. आणि पटवून देणाऱ्या लेखनात मुलांचं घोडं अडतं ते विरोधी मताशीच. आपली बाजू ती मांडतात, दुसरी बाजू त्यांच्या गावीही नसते. डीना कुन आणि अमांडा क्रॉवेल यांनी न्यूयॉर्कमधल्या एका माध्यमिक शाळेत मुलांच्या जोड्या करून त्यांना विरुद्ध मताच्या जोड्यांशी संगणकावर टाइप करत वाद घालायला लावलं. हे तीन वर्षं चाललं. दुसऱ्या गटाने वर्गचर्चा आणि निबंधलेखन केलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शेवटी नव्या विषयावर निबंध लिहिताना दोन्ही बाजूंचा विचार करणारी मुलं वाद घालणाऱ्या गटात अधिक निघाली.