उंदरांच्या किडन्या वाचल्या, पुढे काय?

सिसप्लॅटिन हे केमोथेरपीतलं जुनं, पण अजूनही खमकं औषध. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडजवळचे जिवाणू नुसतेच लांबत गेले, विभागेनात. त्यावरून ते सापडलं. १९७८ पासून रुग्णांना मिळू लागलं. मात्र घेणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाच्या किडनीला त्याचा फटका बसतो.

किडनीच नेमकी का सापडते? तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर ओसीटी-२ नावाचं वाहक प्रथिन असतं. रक्तातली नकोशी रसायनं ओढून लघवीकडे ढकलणं हे त्याचं काम. सिसप्लॅटिनलाही ते इमानदारीत आत ओढतं, आणि पेशींत त्याचं प्रमाण रक्ताच्या पाचपट होऊ शकतं. पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया बिघडतात, मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात, दाह होतो, पेशी मरतात. रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, चढलेलं दिसतं ते त्यानंतर.

हे नुकसान टाळायला म्हणून इथे वनस्पती येतात: हळदीतलं करक्युमिन, कांद्यातलं क्वेरसेटिन, मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिमॅरिन. उंदराला आधी ते खाऊ घालायचं, मग पोटात सिसप्लॅटिनचं इंजेक्शन द्यायचं आणि तीन-चार दिवसांनी रक्त तपासायचं. निकाल बहुतेक वेळा झकास येतो. इतका की मला तरी त्याचीच शंका येते. उंदीर तरुण, धडधाकट. आणि बऱ्याच प्रयोगांत त्यांना कर्करोगच नसतो. मग किडनीला वाचवणारा पदार्थ गाठीलाही वाचवत नाही ना, हे कळणार कसं?

मात्रेचा हिशेबही करून बघा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम करक्युमिन दिलं, तर उंदराच्या मात्रेवरून माणसाची मात्रा काढायच्या नेहमीच्या सूत्राने ६० किलोच्या माणसाला सुमारे २ ग्रॅम लागेल. हळदीत ते जेमतेम ३ टक्के. म्हणजे रोज साठ-पासष्ट ग्रॅम हळद! एवढी खाल्ली तरी आतड्यातून रक्तात पोचतं ते नगण्य. सिलिमॅरिनची तर इराणमध्ये सिसप्लॅटिन घेणाऱ्या रुग्णांवर छोटी चाचणी झाली. किडनीला फायदा दिसला नाही.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांनी ब्रसेल्स आठवावं. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या किडन्या खराब झाल्या. अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडची सापसण याच कुळातली.

सिसप्लॅटिन देताना डॉक्टरांची भिस्त आजही सलाईनवर आणि सोबत मॅग्नेशियमवर आहे. घरी कुणाची केमो सुरू असेल तर काढे, चूर्णं, कॅप्सूल, जे काही पोटात जातंय ते सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि अंग दुखलं म्हणून डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर घेऊ देऊ नका. ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करते.