बिनदारूचा कॉकटेल-चहा

कॉकटेलच्या चवीची घडण घेऊन, दारूचा थेंबही न वापरता, पाने, फुले, साली व मसाले पाण्यात उतरवून केलेले घरगुती पेय. यात चहापत्ती नसते. विदर्भातील खेड्यांत त्याचे साहित्य परसात, बांधावर आणि आठवडी बाजारात सहज मिळते: गवती चहा, पुदिना, तुळस, अंबाडीची बोंडे, संत्र्याची साल, सुंठ, मिरी, लिंबू, गूळ.

न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये कॉकटेलची व्याख्या छापली होती: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्क. यातली दारू नुसती काढून टाकली तर उरते ते गोड पाणी. घशाला लागणारी जळजळ, जिभेवरचा भरीवपणा आणि सुवास टिकवून धरणे ही दारूची तीन कामे दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात. जळजळीसाठी सुंठ, मिरी किंवा भिवापुरी मिरचीचा बी काढलेला छोटा तुकडा चालतो. ताज्या आल्यापेक्षा सुंठ अधिक झोंबते, म्हणून ती निम्म्याहून कमी घ्यावी. भरीवपणा गुळाच्या पाकाने किंवा भिजवलेल्या सब्जाने येतो. सुवासाचा प्रश्न जरा अवघड आहे. सुगंधी तेले दारूत विरघळतात, पाण्यात फारशी नाहीत. उघड्या पातेल्यात ती वाफेबरोबर निघून जातात. त्यामुळे झाकण हे या पेयाचे सर्वांत महत्त्वाचे साधन मानावे. कडवटपणा संत्र्याच्या सालीतून मिळतो. तिचा केशरी थर सुवास देतो, आतला पांढरा थर कडू असतो. बोटभर लांबीच्या दोन पट्ट्या अर्धा लिटरला पुरेत.

अंबाडीचा लाल चहा हा या प्रकारातला सर्वांत जमून येणारा. स्पेनच्या सांग्रियात लाल वाइन, फळे आणि मसाले असतात. वाइनचा रंग, आंबटपणा आणि किंचित तुरटपणा या तिन्ही गोष्टी लाल अंबाडीच्या बोंडात मुळातच असतात. दिवाळीनंतर बोंडे तयार झाली की आतला बियांचा गोळा काढून फक्त लाल पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात रंग विटतो. १० ग्रॅम वाळलेल्या (किंवा सुमारे ८० ग्रॅम ताज्या) पाकळ्या ५०० मि.ली. पाण्यात, एक इंच दालचिनी व दोन लवंगांसह ५ मिनिटे मंद आचेवर उकळाव्यात. मग झाकून १५ मिनिटे मुरू द्याव्यात. गाळून ४० ग्रॅम गूळ विरघळवावा. कोमट झाल्यावर बिया काढलेल्या संत्र्याच्या चार-पाच फोडी टाकाव्यात. फोडी उकळत्या काढ्यात टाकू नयेत, कारण नागपुरी संत्र्याचा रस तापवला किंवा फार वेळ ठेवला की कडवट होतो. बिया चिरडल्या तर आणखीच. दहा मिनिटांपेक्षा जास्त उकळले तर लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि चव बोथट होते.

रंग न येण्याचे दुसरे कारण पाणी. अंबाडीचे रंगद्रव्य आंबट पाण्यात लालभडक दिसते, अल्कधर्मी पाण्यात जांभळट-मळकट होते. बोअरचे पाणी जड असेल तर आधी उकळून, निवळून वरचे घ्यावे आणि थोडे लिंबू पिळावे. अकोला, बुलढाणा, अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात मात्र हा उपाय चालत नाही: उकळल्याने क्षार कमी होत नाहीत, उलट पाणी आटून वाढतात. तिथे गोड्या विहिरीचे किंवा साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणीच वापरावे. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत काढा काळपट होतो, आणि कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ उकळणे घातक आहे.

क्यूबाच्या मोहितोत पुदिना, लिंबू, साखर, सोडा व पांढरी रम असते. रमच्या जागी गवती चहाचा गडद काढा घ्यावा: गवती चहाची तीन लांब पाती कापून २०० मि.ली. पाण्यात झाकण ठेवून ८ मिनिटे उकळावीत आणि काढा माठाच्या पाण्यात पूर्ण गार करावा. पुदिन्याची १२ पाने दोन चमचे साखरेबरोबर हलकेच चेपावीत. वाटली की हिरवट कडूपणा उतरतो. त्यावर अर्ध्या लिंबाचा रस, काढा आणि सर्वांत शेवटी १५० मि.ली. गार गोटी सोडा ओतावा. काढा कोमट असेल तर सोड्यातला वायू लगेच निघून जातो. इथे गूळ नको. रंग गढूळ होतो.

हिवाळ्यात हॉट टॉडीच्या, म्हणजे व्हिस्की, गरम पाणी, लिंबू व मधाच्या पेयाच्या, धर्तीवरचा चहा घ्यावा. ३०० मि.ली. पाण्यात १० ग्रॅम ठेचलेले आले, चार मिरी व संत्र्याच्या सालीची एक पट्टी ७ मिनिटे उकळून गाळतात. पिण्याइतपत निवल्यावर लिंबू व दोन चमचे मध घालतात.

मोहफुलांबाबत जपून राहावे. पूर्व विदर्भात चैत्राच्या सुमारास वेचलेली फुले गोड, सुवासिक आणि काढ्याला फार चांगली. पण त्यांच्यावर नैसर्गिक यीस्ट असते व साखर भरपूर. रात्रभर भिजत ठेवली तर फसफसून मद्यार्क तयार होऊ लागतो, आणि मग पेय बिनदारूचे राहत नाही. २० ग्रॅम सुकी फुले धुऊन थेट ४०० मि.ली. पाण्यात १० मिनिटे उकळावीत, गाळावीत आणि तीन-चार तासांत संपवावीत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गूळ किंवा फळे घातलेला कोणताही काढा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर फेकून द्यावा. वर्धा व गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत, तसेच दारू सोडलेल्या माणसाच्या घरात ही काळजी विशेष घ्यावी. काही बाजारी सुगंधी अर्क अल्कोहोलमध्ये बनवलेले असतात, बिटर्स तर बहुधा असतातच. लेबल वाचूनच घ्यावेत.

कापसाच्या फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरून तुळस किंवा गवती चहा तोडू नये. संत्र्याची सालही ओळखीच्या बागेतील, फवारणीचा काळ उलटून गेलेली घ्यावी व कोमट पाण्यात चोळून धुवावी. अंबाडीने रक्तदाब उतरू शकतो आणि गोडीसाठी घातलेल्या ज्येष्ठमधाने तो चढू शकतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेले कोणतेही पेय देऊ नये.