अल्कोहॉलांपासून सेंद्रिय विद्रावके

नेहमीच्या वापरातील अनेक ईथर, एस्टर व कीटोन विद्रावके (इतर पदार्थ विरघळवणारे द्रव) अल्कोहॉलापासून एकाच पायरीत मिळतात. अल्कोहॉलाच्या दोन रेणूंमधून पाणी निघाले की ईथर, अल्कोहॉल व कार्बॉक्सिलिक अम्ल यांच्यातून पाणी निघाले की एस्टर आणि द्वितीयक अल्कोहॉलातून (ज्यात OH गट असलेला कार्बन आणखी दोन कार्बनांना जोडलेला असतो) हायड्रोजन निघाला की कीटोन. विक्रिया साध्या आहेत. खरी मेहनत पडते ती झालेले पाणी व उरलेले अल्कोहॉल बाजूला काढण्यात.

सर्वांत जुनी कृती डायएथिल ईथराची. जर्मन वैद्य व्हालेरिउस कोर्डुस यांनी सोळाव्या शतकातच मद्यार्क व सल्फ्यूरिक अम्ल यांपासून ते बनवले होते. यावरून त्याला ‘सल्फ्यूरिक ईथर’ हे नाव पडले आणि बराच काळ टिकले, वास्तविक त्यात गंधक मुळीच नसते. प्रयोगशाळेत एथिल अल्कोहॉल व संहत सल्फ्यूरिक अम्ल यांचे मिश्रण सुमारे १४०° से. ला ठेवून त्यात अल्कोहॉल थेंबथेंब सोडतात व ईथर ऊर्ध्वपातनाने बाहेर घेतात. तापमान १७०° से. च्या आसपास गेले, तर ईथराऐवजी मुख्यतः एथिलीन वायू मिळतो. आधी एथिल हायड्रोजन सल्फेट बनते व त्यावर अल्कोहॉलाचा दुसरा रेणू येतो, हा उलगडा अलेक्झांडर विल्यमसन यांनी १८५० च्या सुमारास केला. अम्ल तत्त्वतः खर्च होत नाही, पण साचणारे पाणी त्याला दुबळे करते. उद्योगात ॲल्युमिनावरून अल्कोहॉलाची वाफ नेऊनही ईथर करतात; शिवाय एथिलिनापासून अल्कोहॉल बनवताना ते उपपदार्थ म्हणून पदरात पडतेच.

ईथर ३४.६° से. ला उकळते आणि त्याची वाफ हवेहून जड असल्याने टेबलावरून पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. हवेत साठवलेल्या ईथरात स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात, म्हणून ते कोरडे होईपर्यंत कधीच उकळू नये.

एथिल ॲसिटेट या एस्टराची अडचण वेगळी. एथिल अल्कोहॉल व ॲसिटिक अम्ल समान मोल प्रमाणात घेतले, तर समतोलाला सुमारे दोन तृतीयांशच एस्टर होते. त्यामुळे एक घटक जास्त घेतात किंवा पाणी सतत काढतात. एस्टर ७७° से. ला व अल्कोहॉल ७८° से. ला उकळत असल्याने नुसते ऊर्ध्वपातन पुरत नाही. प्रयोगशाळेत आधी सोडियम कार्बोनेटाने अम्ल धुतात, मग कॅल्शियम क्लोराइडाच्या संहत विद्रावाने अल्कोहॉल. मधली मिठाच्या पाण्याची धुलाई वगळली, तर कॅल्शियम कार्बोनेटाचा पांढरा गाळ बसून नरसाळे तुंबते.

ॲसिटोन या कीटोनासाठी आयसोप्रोपिल अल्कोहॉलाची वाफ तांबे किंवा झिंक ऑक्साइड यांसारख्या तापलेल्या उत्प्रेरकावरून नेतात. विक्रिया उष्णता शोषते. सोबत हायड्रोजन मिळतो. आता मात्र बहुतेक ॲसिटोन क्युमीन (आयसोप्रोपिल बेंझीन) यापासून फिनॉल करताना येते. द्वितीयक ब्युटिल अल्कोहॉलापासून मिथिल एथिल कीटोन अजूनही याच मार्गाने बनते.

डायॉलांपासून (दोन OH गट असलेल्या अल्कोहॉलांपासून) वलयी ईथरे मिळतात: १,४-ब्युटेनडायॉलपासून टेट्राहायड्रोफ्यूरान, एथिलीन ग्लायकॉलपासून डायॉक्सेन. विरंजक चूर्ण व अल्कोहॉल यांपासून क्लोरोफॉर्म करण्याची १८३१ मधील रीत मागे पडली असून ते आता मिथेनाच्या क्लोरिनीकरणाने करतात.